बंब वळेल एवढी जागा

आमच्या दादाला मंगल कार्यालय बांधायचं होतं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. पुणे-नाशिक महामार्गावर, नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मधे, आमच्या घरची दीडेक एकर जमीन रस्त्याला लागून आहे. टोमॅटोनं लागोपाठ दोन वर्षं रडवल्यावर त्यानं ठरवलं, आता पीक नको, लग्नं. खाली हॉल, पुढं लॉन, वरच्या मजल्यावर वऱ्हाडासाठी सहा खोल्या. आर्किटेक्टनं नकाशा काढून दिला आणि नकाशासोबत दोन पानी यादीही दिली.

झोन दाखला. बिगरशेतीचा आदेश. महामार्गापासून सोडायचं अंतर. चारी बाजूंचं सामासिक अंतर. एकमेकांपासून लांब असलेले दोन जिने. बाहेरच्या बाजूला उघडणारे दरवाजे. आगीसाठी पाण्याची वेगळी टाकी. अग्निशमनाचा आधी तात्पुरता नाहरकत दाखला, बांधून झाल्यावर अंतिम, आणि मग कुठं भोगवटा प्रमाणपत्र.

मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा दादानं ती यादी माझ्यापुढं टाकली. "आरं, हितं कुठं आग लागतीये? आन लागलीच तर विहीर हाय की मागं. हे समदं पुण्या-मुंबईचं. तू इतिहास शिकलास ना, मग सांग मला, ह्ये काढलं कुनी?"

त्यानं विचारलं होतं चिडून, पण प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर शोधायला मी मुंबईपासून सुरुवात करेन असं वाटलं होतं. झालं उलटंच. सुरुवात जुन्नरलाच झाली.

लाकडासारखा दगड

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. लेण्याद्री सगळ्यांना माहीत असतं, गणपतीमुळे. पण शहराच्या पश्चिमेला तुळजा लेणी म्हणून एक गट आहे, तिथं जरूर जा. तिथल्या चैत्यगृहाचा आराखडा गोल आहे, मधे स्तूप आणि त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचं रिंगण. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं काम.

जुन्नरच्या या लेण्यांची दर्शनी बाजू नीट बघितली तर गंमत कळते. कमानीच्या आत वाश्यांची टोकं दिसतात. कठड्याला आडव्या पट्ट्या खाचेत बसवल्यासारख्या दिसतात. हे सगळं दगडात कोरलेलं आहे आणि दगडाला त्याची काहीच गरज नाही. वासे छप्पर पेलतात, इथं तर डोंगरच छप्पर आहे. कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती, ती त्यानं दगडात उतरवली. कार्ल्याच्या चैत्यात तर कमानीखालच्या खऱ्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत.

जुन्नरच्या लेण्यांतले दानलेख वाचले की त्या काळच्या बाजारपेठेचा वास येतो. दान देणाऱ्यांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी घडवणाऱ्यांची आहे आणि बांबूकाम करणाऱ्यांचीही. धान्य, भट्टी आणि बांबू! आजच्या कुठल्याही अग्निशमन अधिकाऱ्याला या तिघांची दुकानं एका गल्लीत आहेत असं सांगा, तो खुर्चीवरून उठेल. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात जुन्नरच्या जमिनीखाली सातवाहनकाळाचे थर मिळाले आहेत, पण ज्या लाकडी घरांत ही माणसं राहत होती त्यांतलं उभं काही नाही. राहिली ती डोंगरातली नक्कल. लेणी आगीच्या भीतीनं कोरली असं मला अजिबात म्हणायचं नाही. दोन हजार वर्षांनी काय उरलं, एवढंच सांगतोय.

नंतरच्या काळातलं घर म्हणजे वाडा. जुन्नरच्या पेठांत अजून काही उभे आहेत, काही अर्धे पडलेले. खाली दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, वर लाकडी पाटणीची माडी आणि कौलं. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात कोरडं, आणि एकदा पेटलं की शेजारच्याला घेऊनच जाणार.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यात आहे आणि तुम्ही त्याच्यासमोर सेल्फी काढलेली आहे. 27 फेब्रुवारी 1828 रोजी शनिवारवाड्याला आग लागली. ती जवळजवळ आठवडाभर धुमसत होती. आज आपण तिकीट काढून जे बघतो ते म्हणजे जळू न शकलेला शनिवारवाडा: तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. वरचे मजले, नक्षीचे खांब, दिवाणखाने सगळे लाकडाचे होते.

शनिवारवाडा जळाला तेव्हा त्यातून कुठलाच नियम निघाला नाही. राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती. ज्यांचा वाडा होता ते विठूरला होते आणि ज्यांच्या ताब्यात होता त्यांना त्याची माया नव्हती.

कुणाची तरी आग, कुणाचा तरी ताप

नियम निघायला आग पुरत नाही. जळालेल्याची किंमत असलेला आणि हुकूम काढू शकणारा माणूस एकच असावा लागतो. लंडन 1666 साली जळालं आणि पुढच्याच वर्षी कायदा आला की घरं विटांची किंवा दगडाचीच बांधायची. तिथं राजा आणि व्यापारी दोघांचं जळालं होतं.

मुंबईत असं झालं फेब्रुवारी 1803 मध्ये. तेव्हाची मुंबई म्हणजे किल्ल्याच्या भिंतींच्या आत कोंबलेली वस्ती, लाकडी घरं, माणूस आडवा जाईल एवढ्या गल्ल्या. मोठी आग लागली आणि फोर्टचा मोठा भाग खाक झाला. आग किल्ल्यातल्या दारूगोळ्यापर्यंत पोचेल ही भीती होती. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या सरकारनं त्यानंतर दोन गोष्टी केल्या. किल्ल्यातले रस्ते रुंद करायला घेतले आणि दाट वस्तीला किल्ल्याबाहेर, मैदानाच्या पलीकडं जागा दिली. हे मैदान तोफांना समोर मोकळं दिसावं म्हणून ठेवलेलं होतं, ते आता आणखी मोठं झालं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे त्याचेच उरलेले तुकडे आहेत. इथं काय बांधायचं, इथं काय नाही, इथं मोकळं ठेवायचं: आज ज्याला आपण झोन म्हणतो त्याची चुणूक तिथं दिसते. गोऱ्यांना आत आणि काळ्यांना बाहेर काढायला ती आग सोयीची पडली हेही खरं, ते लपवायचं कारण नाही.

दादाच्या यादीतलं सामासिक अंतर मात्र आगीतून फार कमी आणि प्लेगमधून जास्त आलंय. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. पुण्यात काय झालं ते आपल्याला पाठ आहे: घरझडत्या, रँड, चापेकर. मुंबईत काय झालं ते कमी लोकांना माहीत असतं. 1898 मध्ये तिथं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली. याच ट्रस्टच्या कामातून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. खोलीला उजेड मिळायचा तर समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारी रेषा या कोनाच्या वर जाता कामा नये. गणित सोपं आहे: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मधे मोकळं पाहिजे. दादाच्या नकाशावर हॉल आणि कुंपण यांच्यामधे ज्या रेघा मारल्यात, त्यांची आजी ही.

1915 मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला पहिला. 1954 मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि 1966 मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. या शेवटच्या कायद्याच्या नावातला "प्रादेशिक" हा शब्द आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा. तोपर्यंत आराखडा शहराला असायचा. आता शहराबाहेरच्या शेतालाही रंग मिळाला: हा पट्टा रहिवासाचा, हा शेतीचा, हा वनीकरणाचा, हा डोंगराचा. पुणे जिल्ह्याची प्रादेशिक योजना 1997 मध्ये मंजूर झाली. पुढं पुण्याभोवतीच्या तालुक्यांसाठी पीएमआरडीए आली, पण तिची हद्द जुन्नर-आंबेगावपर्यंत येत नाही.

45 टनांचा प्रश्न

मग आग या यादीत परत कधी आली? आपल्याकडं 14 एप्रिलला दोन कार्यक्रम असतात. एक सगळ्यांचा, बाबासाहेबांच्या जयंतीचा. दुसरा अग्निशमन दलाचा. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज पेटलं. त्यात कापूस होता आणि स्फोटकंही होती. आग विझवायला गेलेले 66 जवान स्फोटात गेले, गोदीच्या परिसरात शेकडो माणसं गेली. त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

1970 मध्ये देशाची पहिली राष्ट्रीय इमारत संहिता निघाली. तिचा चौथा भाग अग्नी आणि जीवितसुरक्षेचा. ती नंतर सुधारत गेली, 2016 ची आवृत्ती आता वापरतात. या भागात काय असतं? वाचायला रूक्ष आहे, पण एकेका आकड्यामागं एकेक चित्र आहे. 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत म्हणजे उंच इमारत. तिच्यासमोरचा रस्ता किमान 12 मीटरचा. आवाराचं फाटक किमान साडेचार मीटर रुंद. इमारतीभोवती 6 मीटर मोकळी, टणक जागा, जी 45 टन वजनाचा बंब पेलेल.

45 टन! आमच्याकडं उसाचा भरलेला ट्रॅक्टर ओल्या रानात रुतला की अर्धा गाव ढकलायला येतं.

संहिता ही मुळात सल्ला असते. तिला दात येतात ते राज्याच्या कायद्यानं. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा, तो डिसेंबर 2008 पासून लागू झाला. त्यात जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा बसवून घ्यायची आणि मग दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, ती चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. नमुना ब म्हणतात त्याला. लाल सिलिंडर भिंतीला टांगला आणि विसरलो, असं चालत नाही. म्हणजे कायद्यात तरी चालत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमधले लाल सिलिंडर आठवतायत? तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत 16 जुलै 2004 रोजी 94 मुलं जळून गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात खटला चालला आणि 2009 मध्ये देशातल्या सगळ्या शाळांना आग विझवण्याची साधनं ठेवण्याचा आदेश झाला. आमच्या शाळेतल्या सिलिंडरवर धूळ असायची आणि शेजारी "हात लावू नये" अशी पाटी. पेटल्यावर कुणी हात लावायचा ते लिहिलेलं नव्हतं.

"ह्ये शाळेचं झालं. लग्नाचं काय?" दादा म्हणाला.

लग्नाचं डबवाली. हरियाणातलं मंडी डबवाली, 23 डिसेंबर 1995. मंगल कार्यालयच होतं. त्यात शाळेचं स्नेहसंमेलन चाललं होतं. वर सिंथेटिक कापडाचा मांडव, आत दाटीवाटीनं मुलं आणि पालक, आणि बाहेर पडायला एकच दार. आग कापडावरून पळाली, वितळलेलं कापड अंगावर पडत गेलं. काही मिनिटांत चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक शाळकरी मुलं. दोन जिने, एकापेक्षा जास्त दारं, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. गर्दी दारावर रेटते तेव्हा आत उघडणारं दार उघडत नाही, माणसंच त्याला कडी होतात.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मांडवाचं कापड मी भाड्यानंच आणनार व्हतो."

शिवनेरीची रेघ

जुन्नर शहरात बांधायचं असेल तर आणखी एक कागद लागू शकतो, तो आगीचाही नाही आणि प्लेगचाही. वस्ती शिवनेरीच्या पायथ्याशी आहे आणि किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं संरक्षित आहे. 1958 च्या कायद्याखाली 1992 मध्ये अधिसूचना निघाली: संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढं 200 मीटरपर्यंत परवानगीनं. 2010 मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन ही रेघ पक्की झाली आणि परवानग्यांसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण आलं. जुलै 2025 मध्ये शिवनेरी इतर 11 किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. आता त्या रेघेकडं जगाचंही लक्ष असणार.

या रेघेबद्दल जुन्नरमध्ये बसून बोला, लोक हसतात किंवा चिडतात. ज्याचं घर रेघेच्या आत आलं त्याला पडकी भिंत दुरुस्त करायलाही कागद नाचवावे लागतात. त्याचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. किल्ल्याला माणसांची वस्ती नवीन नाही, आणि तटाजवळच्या घरांना आधी कुणी परका म्हटलं नव्हतं. पण रेघच नसती तर शिवनेरीच्या पायऱ्यांपर्यंत लॉज उभे राहिले असते, हेही सगळ्यांना कळतं. असो. हा वेगळा लेख होईल.

माळीण

आतापर्यंतचे सगळे नियम दुसरीकडून आले. मुंबईची आग, मुंबईचा प्लेग, तमिळनाडूतली शाळा, हरियाणातलं मंगल कार्यालय. दादाचं म्हणणं इथपर्यंत बरोबर होतं: हे आपलं नाही. पण जे आपलं होतं त्याचं काय झालं?

आंबेगाव तालुक्याची एक गोष्ट आहे की ज्या गावाच्या नावानं तालुका आहे ते गाव आता डिंभे धरणाच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात. कारभार घोडेगावातून चालतो. धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या कुशीत, महादेव कोळी समाजाची गावं आहेत. त्यांतलं एक माळीण.

30 जुलै 2014, बुधवार. रात्रभर पाऊस. सकाळी डोंगराचा मोठा भाग सुटला आणि गावावर आला. एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला तिथं पोचला तेव्हा गाव जागेवर नव्हतं. बाहेरच्या जगाला खबर त्याच्याकडून लागली. एनडीआरएफचे जवान चिखलात कित्येक दिवस शोधत होते. 151 माणसं गेली.

कारणांवर नंतर बरीच चर्चा झाली. अतिपाऊस, डोंगरावरचा मातीचा जाड थर, मुरलेल्या पाण्याला वाट न मिळणं, यंत्रांनी उतार कापून केलेलं सपाटीकरण. कुणी शेतकऱ्यांना दोष दिला, कुणी योजनांना. मला इथं एकच गोष्ट दाखवायची आहे आणि ती नकाशावरची आहे.

महाराष्ट्राच्या बांधकाम नियमांत डोंगरउताराची एक अट आहे. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधायचं नाही. पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल, म्हणजे साधारण 11 अंशांच्या वर, तर ती जागा बांधकामाला बाद. पुण्याच्या टेकड्यांवरून जी भांडणं झाली त्यात पुणेकरांनी हा आकडा खूप ऐकलाय. टेकडीवर बंगला नको, टेकडी हिरवी राहू दे, हा सूर. म्हणजे उताराचा नियम होता. लोकांना माहीतही होता. पण तो विचारायचा कुणाला? जो नवीन परवानगी मागायला येईल त्याला.

माळीणनं कधी परवानगी मागितली नव्हती. गावं परवानगी मागत नाहीत. नकाशावर त्यांच्याभोवती एक रेघ असते, गावठाणाची. जमीन महसूल कायद्याच्या कलम 122 खाली ती ठरते. रेघेच्या आत बिगरशेतीचा आदेश लागत नाही, कारण ती जागा आधीपासून राहण्याचीच आहे. योजना करणारे त्या रेघेपाशी येतात, तिच्या आत "विद्यमान वस्ती" असं लिहितात आणि पुढं जातात. बाहेर शेती कुठं, वन कुठं, डोंगर कुठं हे बारकाईनं रंगवतात. आत कुठल्या उतारावर किती घरं आहेत, वरचं पाणी कुठून येतं, हे विचारणारी रकानाच त्या नकाशात नाही.

मग नवं माळीण झालं. जुन्या गावापासून थोड्या अंतरावर आमडे इथं जागा घेतली, भूकंपरोधक घरं बांधली, 67 घरं, रस्ते, शाळा. 2 एप्रिल 2017 रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लोकांना घरं मिळाली. हे गाव सगळ्या नियमांतून गेलं होतं, तज्ज्ञांनी बघितलं होतं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि भराव खचला, रस्त्यांना भेगा गेल्या, संरक्षक भिंती हलल्या. लोकांनी ती रात्र कशी काढली असेल याचा विचार करून बघा. तीन वर्षांपूर्वी काय झालं ते सगळ्यांनी भोगलेलं होतं. घरं उभी राहिली, दुरुस्त्या झाल्या. पण घराचा नियम पक्का आणि घराखालच्या भरावाचा कच्चा, हे त्या पावसानं दाखवलं.

माळीणनंतर जिल्ह्यातल्या धोक्याच्या गावांची पाहणी झाली. तरी 2021 च्या जुलैत महाडजवळ तळीये गेलं आणि 2023 च्या जुलैत खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. तिन्ही वस्त्या जुन्या.

गल्ली

आमचं घर गावठाणात आहे. महामार्गावरची जमीन नवी, घर जुनं. गल्लीतून एका वेळी एक बैल जातो; आता बैल नाहीत, मोटारसायकल जाते, समोरून दुसरी आली तर एकाला मागं घ्यावी लागते. माडीला जायला एक लाकडी जिना आहे. जिन्याखाली कांद्याच्या गोण्या, रिकामी क्रेट, इन्व्हर्टरची बॅटरी. स्वयंपाकघरात दोन सिलिंडर. माडीवर आजी झोपते, कारण तिला खाली उकडतं.

या घराला कुणी नमुना ब मागितलेला नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली, जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच पुस्तक, तेव्हा मी ते पुस्तक हौसेनं चाळलं होतं. 150 चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या प्लॉटना कमी जोखमीचं म्हणून सोपी वाट दिली आहे, ते चांगलंच केलंय. दाट वस्तीसाठी सवलती आहेत, त्याही लागतातच, नाहीतर गावात कुणी घरच बांधू शकणार नाही. पण त्या पुस्तकालाही बोलायचं असतं ते नवीन बांधकामाशीच. जुन्या घराशी ते तेव्हाच बोलतं, जेव्हा आपण ते पाडायला काढतो.

आणि बंब? नगरपरिषदांच्या कायद्यात आग विझवणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. जुन्नरला नगरपरिषद आहे, मंचरला आता नगरपंचायत आहे. पण वाढ कुठं चाललीय बघा: महामार्गाच्या दोन्ही अंगांना, नारायणगाव, आळेफाटा, कळंबच्या दिशेनं. हॉस्पिटलं, लॉज, शोरूम, कोचिंग क्लास, मंगल कार्यालयं. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, किमान 11 रुग्ण गेले. भंडारा लांब असेल, नगर आळेफाट्यावरून सरळ रस्त्यावर आहे. या दोन्ही आगींनंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या. दोन्ही शहरं मुंबई नव्हेत, पुणंही नव्हेत. दादाच्या "हितं कुठं आग लागतीये" याला मी एवढंच उत्तर दिलं.

त्यानं ऐकलं. पण ऐकणं आणि खर्च करणं यांत फरक असतो, आणि दादा हिशेबी आहे. दुसरा जिना त्यानं मान्य केला. दारं बाहेर उघडणारी केली. सुताराला दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण त्यानं आयुष्यभर आत उघडणारी दारंच बसवली होती. पाण्याच्या टाकीवर आठवडाभर घासाघीस केली, शेवटी बांधली. मोकळ्या जागेवर मात्र तो अडून बसला. हॉलच्या मागच्या बाजूला सहा मीटर सोडायचे म्हणजे स्वयंपाकाची शेड जाते. "बंब मागं कशाला यील? पुढनं पानी मारंल की."

मग त्यालाच एक कल्पना सुचली. मेहुण्याचा दहाचाकी ट्रक टोमॅटो उतरवून नारायणगावच्या बाजारातून रिकामा येत होता. दादानं फोन करून तो शेतात वळवायला सांगितला. जोत्याच्या रेषेवर चुना मारलेला होता. ट्रक पुढून आत आला, फाटकाच्या खुंट्यांमधून कसाबसा निघाला, आखलेल्या हॉलच्या बाजूनं मागं गेला आणि कोपऱ्यावर अडकला. चालकानं दोनदा पुढं-मागं केलं. तिसऱ्यांदा मागचं चाक काळ्या मातीत बसलं.

आम्ही चौघं फळ्या घेऊन धावलो. दादा चाकाकडं बघत उभा होता. ट्रक रिकामा होता.

"मुरूम टाकावा लागंल," तो म्हणाला. "आन शेड तिकडं घेऊ, विहिरीकडं."

त्यानं वाकून चुन्याची जुनी रेघ पायानं पुसली आणि दोन पावलं आत नवी मारली. संध्याकाळी घरी आल्यावर आजीनं विचारलं, ट्रक कशाला रुतवला रानात. कुणीच नीट सांगितलं नाही. दादा जिन्याखालच्या कांद्याच्या गोण्या उचलून अंगणात नेत होता.